देव कधी येणार, ते आधी बघा : गांगनुंगच्या दानो जत्रेला जाताना

पहिल्या वर्षी मी दानो जत्रेसाठी गांगनुंगला, म्हणजे कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शहरात, गेले ती शनिवारी भर दुपारी. नदीकाठी लांबच लांब तंबू, तळणाचा वास, मोजे, टोप्या आणि तव्यांचे ढीग, आणि कर्ण्यांवर एकाच वेळी तीन वेगवेगळी गाणी. बटाट्याचं धिरडं खाल्लं, एक पंखा घेतला, झोक्यांपाशी फोटो काढले आणि संध्याकाळच्या गाडीनं सोलला परत आले. आमच्या शेजारच्या हाल्मोनी मूळच्या गांगनुंगच्या. हाल्मोनी म्हणजे आजी, कोरियात कुठल्याही आजीबाईंना असंच हाक मारतात. त्यांनी विचारलं, "मग, देव आलेला पाहिलास का?" मी म्हटलं, "कुठला देव?" त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं पंढरपूरला जाऊन नुसतं चंद्रभागेत होडीत बसून परत आलेल्या माणसाकडं आपण पाहू.

पुढच्या वर्षी मी देवाचं वेळापत्रक घेऊन गेले. तीच नदी, तेच तंबू, पण जत्रा वेगळीच दिसली. हा लेख त्या दुसऱ्या फेरीचा आहे. कोरियात शिकायला-नोकरीला असलेल्या, किंवा रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कारखान्यांतून प्रशिक्षणाला येणाऱ्या मंडळींना जूनमध्ये दोन मोकळे दिवस मिळाले, तर ते कुठं घालवावेत याचं माझं उत्तर हे आहे. तिकीट नाही, पास नाही, नावनोंदणी नाही. पूजा, गुत (देवापुढं बायकांनी गाऊन-नाचून करायचा विधी), मुखवट्यांचं नाटक, कुस्त्या, सगळं खुलं आणि फुकट.

आधी पंचांग

'दानो' म्हणजे चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याची पंचमी, आणि 'जे' म्हणजे पूजाविधी. म्हणून हा सोहळा दानोजे. कोरियन पंचांग आपल्यासारखंच चंद्राचं महिने आणि सूर्याचं वर्ष जुळवणारं, अधिक महिना घालणारं. त्यामुळं दानोची तिथी बहुतेकदा ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आसपास पडते. मात्र त्यांचा आणि आपला अधिक महिना दरवेळी एकाच जागी येत नाही, म्हणून 2023 मध्ये ती आपल्या आषाढात गेली होती. 2024 ला दानो 10 जूनला होता, 2025 ला 31 मे रोजी. 2026 ला तो 19 जूनला आणि 2027 ला 9 जूनला येतो.

पण नुसत्या दानोच्या दिवसावर खूण करू नका. माझी पहिली चूक तीच. ही जत्रा महिनाभर आधी सुरू होते आणि तिचे चार टप्पे आहेत. इथून पुढं तिथ्या मी आपल्या शब्दांत, पण त्यांच्या महिन्यांप्रमाणे देते.

चौथ्या महिन्याच्या शुद्ध पंचमीला (2026 मध्ये 21 मे) गावातल्या छिल्सादांग या जोसन राजवटीच्या काळातल्या जुन्या कचेरीत देवाची दारू आंबायला घालतात. तिला शिंजु म्हणतात. तांदूळ गावकऱ्यांनी घरोघरून दिलेला असतो. दारू घालताना विधी करणारे तोंडात कागद धरतात, म्हणजे बोलणं नाही आणि थुंकीही उडणार नाही.

त्याच महिन्याच्या पौर्णिमेला (31 मे) देग्वाल्यंग या 832 मीटर उंचीच्या घाटमाथ्यावर आधी पर्वतदेवाची आणि मग मुख्य देवाची पूजा होते. तिथून देव खाली गावाकडं निघतो.

पाचव्या महिन्याच्या तृतीयेच्या संध्याकाळी (17 जून, बुधवार) देवाची मिरवणूक नदीकाठच्या मांडवात येते. आणि अष्टमीच्या रात्री (22 जून, सोमवार) देवाला निरोप देतात.

अलीकडच्या वर्षांत नदीकाठची मुख्य जत्रा प्रतिपदा ते अष्टमी अशी आठ दिवस भरते. महिनाभर आधी कार्यक्रमपत्रिका निघते. विधींच्या वेळा तिच्यात ताडून घ्या, पण सुट्टी मागायला तिची वाट पाहू नका, तिथ्या तर आजच ठरलेल्या आहेत. एकच फेरी जमत असेल तर तृतीयेची संध्याकाळ धरा आणि पंचमीपर्यंत राहा. शनिवार-रविवारच मोकळा असेल तरी जा, पण मग सकाळी लवकर पोहोचा. दुपारी तीननंतर तुम्हाला माझी पहिली जत्रा दिसेल.

गोष्ट ठाऊक हवी

गोष्ट माहीत नसेल तर मांडवात समोर काय चाललंय ते कळणार नाही, म्हणून ती इथं सांगते.

मुख्य देवाचं नाव गुकसा संगह्वांग. संगह्वांग म्हणजे ग्रामदैवत, गुकसा म्हणजे राजगुरू. हा देव मुळात माणूस होता. बमिल नावाचा बौद्ध भिक्षू, काळ इसवी सन 810 ते 889. गांगनुंगजवळच्या हाकसान गावच्या एका कुमारिकेनं विहिरीवर पाणी भरताना भोपळ्याच्या तुंब्यात सूर्य तरंगताना पाहिला, ते पाणी ती प्यायली आणि तिला दिवस गेले, असं सांगतात. (कुंती आठवलीच असेल.) लाजेकाजेस्तव मूल खडकापाशी टाकून दिलं, तर करकोचांनी पंखाखाली घेऊन ते जगवलं. तेच पुढं मोठे गुरू झाले आणि मृत्यूनंतर घाटमाथ्यावरचे देव. त्यांच्याच शेजारी पर्वतदेव म्हणून पुजला जातो तो शिल्ला या प्राचीन कोरियन राज्याचा सेनापती किम यु-शिन. बौद्ध भिक्षू, सेनापती, पूजा कन्फ्यूशियसच्या रीतीनं आणि वर मुदांग म्हणजे देवाला गाऊन-नाचून आळवणाऱ्या बायका. हे सगळं एकाच मांडवात कसं, असा प्रश्न मराठी माणसाला तरी पडू नये.

आता देवी. गावातल्या जंग घराण्याची मुलगी. देवानं तिच्या बापाच्या स्वप्नात येऊन तिला मागणी घातली. बाप म्हणाला, माणूस नसलेल्या जावयाला मुलगी देणार नाही. मग देवानं वाघ पाठवला आणि वाघानं मुलगी उचलून डोंगरावर नेली. ती गेली तो दिवस चौथ्या महिन्याची पौर्णिमा. म्हणून दरवर्षी त्या दिवशी देव डोंगरावरून खाली येतो, होंगजेदोंग भागातल्या देवीच्या ठाण्यात मुक्काम करतो आणि पाचव्या महिन्याच्या तृतीयेला दोघं जोडीनं जत्रेला निघतात. माझं माहेर कराडकडचं. पालच्या यात्रेत खंडोबा-म्हाळसेचं लग्न बघत लहानाची मोठी झालेली मी. ही गोष्ट हाल्मोनींनी सांगितली तेव्हा मला फक्त भंडाऱ्याची उणीव जाणवली.

हे सगळं किती जुनं? 1603 च्या उन्हाळ्यात हो ग्युन नावाचा लेखक-अधिकारी याच गावात होता आणि लोक देग्वाल्यंगच्या देवाला वाजतगाजत आणताना त्यानं पाहिलं, तशी नोंद त्यानं करून ठेवली आहे. त्याला देव म्हणून नाव सांगितलं गेलं ते मात्र सेनापती किम यु-शिनचं, बमिल गुरूंचं नाही. चारशे वर्षांत देवही जागा बदलतात. कोरियन सरकारनं 1967 मध्ये हा सोहळा राष्ट्रीय वारसा ठरवला आणि 2005 मध्ये युनेस्कोनं त्याला मौखिक व अमूर्त वारशाचा मान दिला. तेव्हा चीनमध्ये बरीच आरडाओरड झाली, कारण पंचमीचा सण मूळ आमचा, असं त्यांचं म्हणणं. होड्यांच्या शर्यतीचा चिनी सण त्याच तिथीला असतो हे खरं. पण गांगनुंगला होड्याही नाहीत आणि चीनमध्ये हा वाघही नाही.

जायचं कसं, राहायचं कुठं

भारतातून खास यायचं असेल तर भारतीय पासपोर्टला कोरियाचा व्हिसा आधी काढावा लागतो. त्याला निदान दीड-दोन महिने हाताशी ठेवा. मुंबईत कोरियाची वकिलात आहे.

विमानतळावरून आगगाडीनं सोल स्थानक आणि तिथून केटीएक्स ही वेगवान गाडी. ही गांगनुंगची लाइन 2018 च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी डिसेंबर 2017 मध्ये सुरू झाली. बर्फावरच्या स्पर्धा गांगनुंगलाच झाल्या होत्या. सोल स्थानकापासून साधारण दोन तास, भाडं 27-28 हजार वॉनच्या आसपास. पूर्व सोलमध्ये राहणाऱ्यांनी छंगन्यांगनी स्थानकावरून बसावं, वीसेक मिनिटं वाचतात. तिकिटं एक महिना आधी खुली होतात आणि जत्रेतल्या शनिवार-रविवारची पटकन संपतात, विशेषतः संध्याकाळच्या परतीची. म्हणून आधी परतीचं तिकीट काढा, मग जाण्याचं. गाडी चुकलीच तर बस आहे, तिला तीन तासांच्या आसपास लागतात.

गांगनुंग यायच्या आधी गाडी एका बोगद्यात शिरते आणि बाहेर यायचं नावच घेत नाही. हा जवळजवळ 22 किलोमीटरचा देग्वाल्यंग बोगदा. म्हणजे तुम्ही देवाच्या घराखालून जाताय. मी तेवढ्यापुरता फोन खाली ठेवते.

स्थानकात लॉकर आहेत, पाठीवरचं ओझं तिथंच टाका. तिथून जत्रेच्या जागी, म्हणजे नामदेचन नदीकाठी, टॅक्सीनं काही मिनिटांत पोहोचता येतं, पण माझं ऐकाल तर चालत जा. केटीएक्स आली तेव्हा शहरातले जुने रूळ जमिनीखाली गेले आणि वरच्या मोकळ्या पट्ट्यावर वल्ह्वा गरी नावाचा पायी फिरायचा रस्ता झाला. तो धरून रमतगमत अर्ध्या तासात तुम्ही जुंगांग बाजारावरून थेट नदीवर येता, आणि पुढं जुना रेल्वेपूलच आता पादचारी पूल आहे. त्या पुलावर एकदा थांबा. दोन्ही काठांवरचे तंबू, कुस्तीचं मैदान, उंच झोके, गुतचा मोठा मांडव, सगळं वरून दिसतं आणि मग खाली हरवायला होत नाही. नकाशासाठी फोनवर नेव्हर किंवा काकाओचा नकाशा ठेवा, गुगलचा नकाशा कोरियात चालायचा रस्ता नीट दाखवत नाही.

राहायला नदीच्या किंवा जुंगांग बाजाराच्या आसपास खोली घ्या. समुद्रकाठच्या खोल्या दिसायला छान, पण रात्री उशिरा जत्रेतून तिकडं जायला टॅक्सी शोधत बसावं लागतं. तृतीयेच्या आणि अष्टमीच्या रात्री तर पायी गाठता येईल अशीच खोली हवी. खोली महिना-दीड महिना आधी धरा. अडचण आली तर 1330 हा पर्यटकांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर इंग्रजीत बोलता येतं.

तृतीयेची संध्याकाळ

दिवेलागणीच्या तासभर आधी होंगजेदोंगच्या देवीच्या ठाण्यापाशी पोहोचा. जागा छोटी आहे, उशिरा गेलात तर फक्त पाठी दिसतील. इथं मूर्ती शोधू नका. देव दोन रूपांत निघतो. एक, त्याच्या नावाची लाकडी पाटी. दोन, शिनमोक म्हणजे देवाचं झाड, पौर्णिमेला घाटमाथ्यावर तोडून आणलेली मेपलची मोठी फांदी, तिच्यावर भक्तांनी बांधलेली रंगीत कापडं. घाटावर ही फांदी निवडतात तेव्हा मुदांग मंत्र म्हणत असते आणि झाड धरणाऱ्या माणसाच्या हातात ते थरथरायला लागलं, की देव त्यात उतरला असं समजतात. आपल्याकडं माणसाच्या अंगात येतं, इथं झाडाच्या अंगात येतं.

ठाण्यातली पूजा संपली की मिरवणूक निघते आणि मध्ये एका घरी थांबते. ते घर म्हणजे देवीचं माहेर. जंग घराण्याची वास्तू. तिथं घरच्या पूजेचं ताट असतं, देवी क्षणभर टेकते आणि मग नवऱ्याबरोबर पुढं निघते. सगळ्या जत्रेत मला सगळ्यात आवडणारी ही दहा-पंधरा मिनिटं आहेत आणि इथं गर्दी सगळ्यात कमी असते. बहुतेक पाहुणे मोठ्या रस्त्यावर ढोलताशांची वाट बघत उभे असतात. तुम्ही माहेर पाहून मग मिरवणुकीच्या शेपटाला लागा.

मोठ्या रस्त्यावर मात्र धमाल असते. गांगनुंगच्या पेठापेठांतून, गावागावांतून मंडळं येतात, प्रत्येकाचा वेगळा वेष, वेगळं सोंग. हातात कागदी कंदील. कोणीतरी तुमच्याही हातात एक देईल, घ्या. कोरियातली पथकं मैदानावर फार शिस्तीत वाजवतात, पण इथं रस्त्यावर आजोबा मंडळी ताल सोडून नाचतात आणि कोणी कोणाला थांबवत नाही. लहान मूल बरोबर असेल तर झांजेसारख्या छोट्या पितळी थाळीचा, क्क्वेंगग्वारीचा, आवाज कानाला बोचतो हे लक्षात ठेवा, कानात घालायला कापूस न्या.

गुतच्या मांडवात कसं बसावं

चतुर्थीपासून रोज सकाळी मांडवात आधी कन्फ्यूशियसच्या रीतीची पूजा होते. लांब झग्यातले पुरुष, प्रत्येक पाऊल मोजून मापून, प्याले पुढं करणं, वाकणं, मागं सरणं. पहिली पंधरा मिनिटं पाहण्यासारखी, नंतर मला जांभया येतात, खोटं कशाला बोलू. ती आटोपली की मांडव बायकांचा होतो. मुदांग आणि त्यांचे वादक संध्याकाळपर्यंत एकामागून एक अध्याय गातात. ह्याला दानोगुत म्हणतात. गोंधळ आणि कीर्तन ह्यांच्या मधलं काहीतरी समजा. गाणं, गोष्ट, नाच, विनोद, आशीर्वाद, आणि पुन्हा गाणं.

सगळं बघायला दिवस पुरणार नाहीत, म्हणून दोन अध्याय तरी पत्रिकेत शोधून ठेवा. एक शिमचंग-गुत. आंधळ्या बापाला दृष्टी यावी म्हणून स्वतःला समुद्राला अर्पण करणाऱ्या मुलीची गोष्ट, डोळ्यांचं आरोग्य मागण्यासाठी गातात. पुढं बसलेल्या आज्या ठरलेल्या जागी ठरल्यासारख्या रडतात. दुसरा सोन्निम-गुत. सोन्निम म्हणजे पाहुणे, आणि हे पाहुणे म्हणजे देवीचा रोग, गोवर. रोगाचं नाव घ्यायचं नाही, त्याला मानानं पाहुणा म्हणायचं, चांगलं खाऊपिऊ घालायचं आणि गोडीगुलाबीनं वेशीबाहेर पोहोचवायचं. आपण त्याच रोगाला 'देवी' म्हणालो आणि 'देवी आल्या' म्हणून ओटी भरली. शब्द न समजताही मला हा अध्याय पूर्ण कळला.

बसण्याची रीत सांगते. चटईवर जाताना चपला काढायच्या आणि पिशवीत घालून जवळ ठेवायच्या, नाहीतर शोधत बसाल. पुढच्या रांगा आज्यांच्या. त्या सकाळपासून डबा घेऊन आलेल्या असतात, त्यांच्यापुढं फोन उंच धरून उभं राहू नका. वेदीवरच्या कागदी फुलांना हात लावायचा नाही, ती हातानं घडी घालून केलेली देवाची फुलं आहेत. मुदांग पंखा पुढं करत तुमच्यासमोर आली तर हजार वॉनची नोट ठेवा. सुटे नसतील तर हात जोडून मान लववा, चालतं. तिनं हात धरून उठवलं तर मात्र लाजू नका, उठा आणि नाचा. मी लाजले होते. शेजारच्या आजींनी माझ्या पाठीत धपाटा घालून उठवलं.

पातळ पांढरा कागद जाळून वर सोडतात त्याला सोजी म्हणतात. नाव आणि मागणं सांगितलं की तुमच्या नावानंही सोडतात. कागद किती उंच जातो याकडं सगळे डोळे लावून बसतात.

मांडवाबाहेर शिंजुचा घोट मिळतो. महिनाभरापूर्वी छिल्सादांगात घातलेली, किंचित आंबट, दुधट. पीत नसाल तर नको म्हणायला दोन्ही हात पुढं करून मान हलवा, कोणी आग्रह करत नाही.

मुखवटे, माती आणि वेखंड

ग्वान्नो काम्यनगुक हे इथलं मुखवट्यांचं नाटक. ग्वान्नो म्हणजे सरकारी गुलाम. जोसन काळात ते हे नाटक करत. कोरियात मुखवट्यांची नाटकं पुष्कळ आहेत आणि बहुतेकांत शिव्यांपासून टोमण्यांपर्यंत बोलणं भरपूर. हे एकच नाटक मुकं आहे. म्हणजे भाषा न येणाऱ्या आपल्यासाठी आयतं.

गोष्ट चिमुकली. पोटात कडं घालून गोल फुगलेले दोन जांगजामारी आधी येऊन गर्दीला मागं रेटतात, पुढच्या पोरांना घाबरवतात. मग उमराव यांगबान आणि तरुणी सोमेगाक्शी यांचं जमतं. दोन भयंकर तोंडाचे शिशित्ताकत्तागी मध्ये पडून बिघडवतात. यांगबान तिच्यावर संशय घेतो आणि ती त्याच्याच लांब दाढीचा फास गळ्याला लावून मरते. मग देवाच्या झाडापुढं विनवणी होते, ती उठून बसते आणि सगळे नाचतात. जपानी राजवटीत हे नाटक बंद पडलं होतं. 1960 च्या दशकात म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवरून ते पुन्हा उभं केलं. दिवसात एकापेक्षा जास्त वेळा वेगवेगळे संच ते करतात, शाळकरी मुलांचा संच मिळाला तर तोच बघा. त्यांची सोमेगाक्शी मरताना हसते.

शिरुम ही कोरियन कुस्ती. कराड-कोल्हापूरच्या डोळ्यांना पाच मिनिटांत समजते. आखाड्यात तांबड्या मातीऐवजी वाळू, कंबर आणि मांडीला बांधलेला कापडी पट्टा, दोघं तो धरूनच उठतात. गुडघा किंवा त्याच्या वरचा कुठलाही भाग आधी टेकला की हरला, चीतपट लागत नाही. त्यामुळं कुस्ती अर्ध्या मिनिटात निकाली निघते आणि दुपारभर शंभर कुस्त्या बघता येतात. 2018 मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियानं मिळून शिरुमचं नाव युनेस्कोच्या यादीत घातलं. दोघांनी मिळून असं काही करण्याची ती पहिलीच वेळ.

झोके आपल्या नागपंचमीच्या झोक्यांचे थोरले भाऊ. उभ्यानं घ्यायचा, आणि घेणाऱ्या प्रामुख्यानं बायका. स्पर्धेचे झोके फार उंच असतात, त्यावर चढायच्या फंदात पडू नका, पाहुण्यांसाठी लहान असतात.

आणि आता माझी आवडती रांग. दानोच्या दिवशी छांगफोच्या काढ्यानं केस धुवायचे, म्हणजे केस चमकतात आणि इडापिडा जाते, अशी जुनी रीत. जत्रेत मोठ्या घंगाळात ते पाणी ठेवलेलं असतं. मी वाकले, वास आला आणि एकदम आजोळची न्हाणी आठवली. छांगफो म्हणजे आपलं वेखंड! बाळंतघरातलं, बाळगुटीतलं तेच. गर्दी दुपारी असते, सकाळी गेलात तर पाणीही कोमट असतं आणि बाई निवांत केस धुऊन देते. टॉवेल आपला न्या. जवळच पंखा रंगवणं, मुखवटा करणं, सुरीछ्वी नावाच्या पाल्याच्या हिरव्या भाताच्या वड्यांवर चाकाचा ठसा उठवणं असे प्रकार चालतात. काही फुकट, काहींना साहित्यापुरते थोडे पैसे.

पोटोबा

तंबूंच्या बाजाराला नानजांग म्हणतात. नानजांगमध्ये खायला मजा येते, पण भाव बाहेरच्यापेक्षा चढे. पाटी वाचून मगच बसा. शाकाहारी माणसानं कामजाजन मागावं. किसलेल्या बटाट्याचं, कडा कुरकुरीत झालेलं धिरडं, ह्या डोंगराळ मुलखाचं खरं अन्न. मेमिलजन हे कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं, पण त्यावर पसरलेल्या किमचीत बहुतेकदा मासळीचा अंश असतो. कामजा-ओंगशिमी ह्या बटाट्याच्या गोळ्यांच्या सूपचं पाणी बहुधा सुक्या मासळीचं. 'गोगी प्पेजुसेयो' म्हणजे मांस वगळा. एवढ्यानं भागत नाही, कारण मासळी त्यांच्या हिशोबी गोगीत येत नाही. म्हणून 'सेंगसन-दो प्पेजुसेयो', मासेही वगळा, हेही पाठ करा.

एक जेवण जत्रेबाहेर छोदांगला घ्या. तिथं समुद्राच्या पाण्यानं नासवलेल्या सोयाबीनच्या दुधाचं मऊ दुबु मिळतं. छोदांग हे मुळात हो ग्युनच्या वडिलांचं टोपणनाव, आणि दुबुची ही रीतही त्यांचीच असं गावात सांगतात. पांढरं, बिनतिखटाचं मागा. लाल रश्श्यात शिंपले असतात.

तिथवर गेलात की ओजुखन हे जुनं घरही बघून या. 50,000 वॉनच्या नोटेवर शिन साइमदांग आणि 5,000 च्या नोटेवर तिचा मुलगा यी इ. विद्वान म्हणून त्याचं नाव मोठं, आणि त्याचा जन्म याच घरातला. नोटा बरोबर न्या, मुलांना मजा येते.

सटरफटर पण कामाचं

रोख पैसे ठेवा, हजाराच्या नोटा जास्त. जूनमध्ये दुपारी ऊन भाजतं आणि रात्री समुद्रावरचा वारा लागतो, तेव्हा टोपी आणि पातळ जाकीट दोन्ही हवं. दानो उशिरा आला तर पावसाळ्याची पहिली सरही येऊ शकते. मांडवात छत्री उघडू नका, रेनकोट बरा. कचऱ्याचे डबे कमी, आपली पिशवी ठेवा. रात्री दहानंतर नानजांगच्या पिण्याच्या तंबूंकडं मुलांना घेऊन जाऊ नका. आणि मंचावर एखादा गाण्याचा मोठा कार्यक्रम असेल, तर त्या वेळी गुतचा मांडव मोकळा असतो. तीच वेळ साधा.

अष्टमीची रात्र

जमलं तर शेवटच्या रात्री थांबा. मांडवात कंदिलाचं गाणं, फुलांचं गाणं म्हणतात, मुदांग कागदी फुलं हातात घेऊन नाचतात. मग निरोपाची पूजा. त्यानंतर सगळी माणसं मांडवातून बाहेर नदीकाठच्या मोकळ्या जागी येतात, आणि ज्यांना आठ दिवस हात लावायला मनाई होती ती फुलं, कंदील, सजावट आणि शेवटी ते झाडसुद्धा, सगळं अग्नीत घालतात. देव आगीवाटे डोंगरावर परत जातो.

हे व्हायला रात्र होते, तेव्हा शेवटच्या गाडीचा मोह सोडा आणि खोलीवर राहा. वाऱ्याच्या दिशेला उभं राहू नका, राख उडते. माझ्या हाल्मोनींसाठी मी तिथून काय आणावं हे मला सुचेना, म्हणून फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "मोजे आण. नानजांगमध्ये दहा जोड स्वस्त मिळतात."

आणले.